पिस्टन फिलर पेन: नॉब घट्ट, सीलच्या मागे शाई, अर्ध्या पानात कोरडं. उघडू की भिजवू?

मोरपंखी

नमस्कार. पेन ट्विस्बी इको (शाईचं पेन; मागचा नॉब फिरवला की आतला पिस्टन सरकून शाई ओढतो), पारदर्शक, मीडियम निब. आयर्न गॉल प्रकारची (लोह आणि टॅनिन असलेली) निळी-काळी शाई भरलेली असताना दिवाळीपासून कपाटात पडून होतं, आता बाहेर काढलं. सध्याची अवस्था अशी:

मागचा नॉब अर्ध्यापर्यंत फिरतो, मग एकदम घट्ट लागतो. पिस्टनच्या सीलच्या (भिंतीला घट्ट बसून शाई अडवणाऱ्या कडेच्या) मागे, जिथे शाई असायलाच नको, तिथे निळी रेघ दिसते. बॅरलच्या आतल्या भिंतीवर काळपट-तपकिरी थर बसलाय आणि नळाच्या पाण्याने तो हललासुद्धा नाही. शिवाय पेन जाम होण्याच्या आधीपासूनची एक तक्रार आहे: भरल्यावर छान चालायचं आणि अर्धं पान झालं की कोरडं पडायचं. टोपण लावून थोड्या वेळाने काढलं की पुन्हा चालू.

पेनासोबत आलेला पाना माझ्याकडे आहे, ग्रीसची बाटली नाही. विचारायचं हे की पाना लावून सरळ उघडावं का? गरम पाणी चालेल का? नॉबच्या फटीत खोबरेल तेल किंवा डब्ल्यूडी-४० सोडलं तर सुटेल का? आणि तो थर कशाने जाईल?

---

दौतवाला

पाना आत्ता बाजूला ठेवा आणि नॉबलाही हात लावू नका. कारण आधी समजून घ्या.

नॉब फिरतो तेव्हा पिस्टनचा आतला दांडा फिरत नाही. त्याच्या बाजू चपट्या असतात आणि त्या खाचेत अडकलेल्या असतात, म्हणून नॉबचं फिरणं दांड्याच्या सरकण्यात बदलतं. सील भिंतीला चिकटलं की तुमच्या बोटांचा सगळा जोर दांड्याच्या आट्यांवर येतो, आणि ते आटे प्लॅस्टिकचे आहेत. एकदा झिजले की नॉब नुसता गरागरा फिरतो, पिस्टन जागचा हलत नाही. त्याला दुरुस्ती नाही, भाग बदलावा लागतो. पाना लावला तरी तेच: जोडभाग (यंत्रणा बॅरलला आट्यांनी जोडणारा भाग) मागे येताना दांड्याला ओढतो आणि सील पुढे अडकलेलं राहतं. म्हणून आधी भिजवणं, मग उघडणं.

खोबरेल नको. थंडीत ते गोठतं, पुढे खवट होतं आणि पाझरत जिभेपर्यंत (निबखालचा, शाई पोचवणारा भाग) गेलं की शाई तिथून सरकत नाही. डब्ल्यूडी-४० आणि शिवणयंत्राचं तेल ही पेट्रोलियमची, सील फुगवतात आणि पारदर्शक प्लॅस्टिकला घातक. व्हॅसलिनही त्याच जातीचं. गरम पाणी म्हणजे बोट आरामात बुडवून ठेवता येईल इतकंच, ३५ ते ४० अंश. त्याहून जास्त नको.

आता भिजवायचं कसं. इकोची निब आणि जीभ आट्यांवर नसतात, दाबून बसवलेल्या असतात. पेनाचं तोंड अर्धा तास पाण्यात ठेवा. मग निब वर आणि जीभ खाली अशी दोन्ही चिमटीत एकत्र धरा, मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा किंवा रबरी हातमोजा घ्या, आणि न पिळता सरळ ओढा. निबची टोकं दाबली जाणार नाहीत इतकं मागे धरा. काढण्याआधी फोनवर जवळून एक फोटो घ्या: निब जिभेवर कुठपर्यंत पुढे येते आणि जिभेची मधली चीर निबच्या चिरेखाली नेमकी कशी आहे. बसवताना हा फोटो लागतो.

तोंड मोकळं झालं की पेन ग्लासात उभं करा, तोंड वर. औषधाच्या दुकानात ५ मिलीची सिरिंज मिळते, सुई काढून टाका, आणि बॅरल काठोकाठ पाण्याने भरा. पाणी पिस्टनवर उभं राहतं आणि सीलच्या कडेने हळूहळू उतरतं. मागच्या बाजूला नॉब आणि बॅरल यांच्यात जी फट उघडलेली आहे तिच्यातही चार-पाच थेंब सोडा, म्हणजे सील दोन्हीकडून भिजेल. २४ तास. मधे तीन-चार वेळा पाणी बदला. पाणी निळं होणं थांबलं नसेल तर आणखी एक दिवस.

मग नॉब आधी ज्या दिशेला सहज फिरतो तिकडे फिरवा, परत आणा, आणि दर वेळी केसभर पुढे. अडलं की मागे. घट्टपणा हळूहळू कमी झाला पाहिजे. एकदम सुटला आणि 'टक' आवाज आला तर थांबा आणि पिस्टन सरकतोय का ते बघा.

पूर्ण फिरायला लागल्यावरच पाना. नॉब उघडून फट मोठी करा, आत जोडभागाच्या दोन सपाट बाजू दिसतील, त्यावर पाना बसतो. घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा सुटला की पुढचं बोटांनी. सगळी यंत्रणा अखंड मागे येते. नॉब, जोडभाग आणि दांडा वेगळे करण्याआधी दांडा जोडभागातून किती बाहेर आहे ते पट्टीने मोजून लिहून ठेवा.

सील बोटावर फिरवून बघा. कडा अखंड, गुळगुळीत आणि किंचित लवचीक हवी. कडेवर चपटा भाग किंवा खाच दिसली तर ग्रीसने ते काम भागणार नाही, शाई मागे येतच राहणार. तुमच्याकडची रेघ बहुधा साध्या कारणाने आहे: ग्रीस धुऊन गेलं, सील कोरडं पडलं, आणि नॉब फिरवताना सील भिंतीवर सरकण्याऐवजी वळकटी होत गेलं. त्या वळकटीतून शाई मागे सरकते.

---

रसायनकट्टा

थराबद्दल लिहितो. इथे क्रम चुकला तर थर वाढतो.

आयर्न गॉल शाईत लोह फेरस रूपात विरघळलेलं असतं आणि शाई मुद्दाम आम्ल ठेवलेली असते. हवा लागली की फेरसचं फेरिक होतं आणि टॅनिनशी मिळून काळं, न विरघळणारं संयुग तयार होतं. कागदावर हेच हवं असतं, म्हणून ती शाई पाण्याने जात नाही. बॅरलमध्ये तेच भिंतीवर झालंय. साबण किंवा अमोनिया दोन्ही अल्कधर्मी. लोह शिल्लक असताना ते घातले की गंजाच्या रंगाचा गाळ आणखी बसतो. बोअरच्या जड पाण्यानेही थोड्या प्रमाणात हेच होतं. त्यामुळे तुमच्या नळाच्या पाण्याने काही हललं नाही याचं आश्चर्य वाटायला नको.

आधी आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या. बॅटरीत घालायचं सीलबंद डिस्टिल्ड पाणी चालतं, मात्र डब्यावर फक्त पाणी आहे, ॲसिड नाही, हे वाचून घ्या. १०० मिली पाण्यात १ ग्रॅम ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे शुद्ध क जीवनसत्त्वाची पूड. संत्र्याच्या चवीच्या चघळायच्या गोळ्या वापरू नका, त्यात साखर, रंग आणि स्टार्च असतो आणि तो जिभेच्या खाचांत बसतो. ॲस्कॉर्बिक ॲसिड फेरिकला परत फेरस करतं, म्हणून काळा रंग डोळ्यांदेखत फिकट होत जातो. द्रावण ताजं करा, उघडं ठेवलं की त्याचा जोर जातो. बॅरलमध्ये भरून एक तास, मग ओता, नवं भरा. दोन-तीन वेळा पुरे. सायट्रिक ॲसिडही चालेल, किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं, पण ते लोह धरून विरघळवतं आणि जरा हळू काम करतं. निब आणि जीभ त्याच द्रावणात वाटीत अर्धा तास ठेवा. निब स्टीलची आहे, रात्रभर आम्लात ठेवू नका.

यानंतर साध्या पाण्याने सात-आठ वेळा धुवा. आता अमोनियाची पाळी, आणि तीही रंग अजून चिकटलेला असेल तरच. आपल्याकडे रसायनांच्या दुकानात लिकर अमोनिया २५ टक्क्यांच्या आसपास तीव्रतेचा मिळतो. परदेशी व्हिडिओत 'एक भाग अमोनिया, नऊ भाग पाणी' असं सांगतात ते घरगुती, बराच पातळ अमोनिया धरून. आपला तीव्र अमोनिया त्या प्रमाणात घेऊ नका. १०० मिली पाण्यात २ ते ३ मिली, वर भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. खिडकी उघडी, हातमोजे घालून, बाटली नाकापासून लांब. १५-२० मिनिटं पुरतात. ज्या पेनांत पितळी यंत्रणा आहे तिथे अमोनिया आत सोडू नका, तांब्याच्या मिश्रधातूंना तो खातो. काच पुसायचा निळा द्रव अमोनियाच्या जागी वापरू नका, त्यात इतर सॉल्व्हंट असतात.

ब्लीच फक्त बुरशीसाठी किंवा ज्या शाया दुसऱ्या कशानेच सुटत नाहीत त्यांच्यासाठी, एकास दहा पाण्यात, धातूचे भाग काढून, दहा मिनिटं. अमोनिया आणि ब्लीच एकाच दिवशी एकाच वाटीत कधीही नाही: त्यातून क्लोरामाइनचा विषारी वायू निघतो. स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांपैकी काहीही पारदर्शक प्लॅस्टिकला लावू नका. त्या दिवशी काही दिसत नाही, पुढे ताण असलेल्या जागी, म्हणजे आट्यांपाशी, बारीक तडे जातात.

पिगमेंट शाई असती तर उत्तर वेगळं असतं. ती विरघळत नाही, कण नुसते सोडवावे लागतात. तिथे साबणाचं पाणी, अमोनिया, आणि निब-जिभेपुरता अल्ट्रासॉनिक क्लीनर (ध्वनिलहरींनी धुणारं यंत्र) दोन-तीन मिनिटं.

---

मोरपंखी

दौतवाला, रसायनकट्टा, दोघांचेही मनापासून आभार. दुसऱ्या दिवशी नॉब सुटला. ॲस्कॉर्बिकच्या दुसऱ्या भरणीत थर फिकट होऊन निघाला, अमोनियाची गरज पडली नाही. यंत्रणा काढली, सीलची कडा अखंड आहे. दांडा मोजून ठेवलाय.

आता ग्रीस. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात 'सिलिकॉन ग्रीस' म्हणून पांढरी पेस्ट दिली, ती चालेल का? आणि किती लावायचं?

---

दौतवाला

ती लावू नका. इलेक्ट्रॉनिक्सवाले ज्याला सिलिकॉन ग्रीस म्हणतात ती बहुतेक वेळा हीटसिंक पेस्ट असते, तिचा पांढरेपणा झिंक ऑक्साइडचा. ती पावडर सील आणि भिंत दोन्ही घासत राहते. हार्डवेअरमधलं नळीतून येणारं सिलिकॉन सीलंटही नको, ते वाळून रबर होतं. आपल्याला हवं ते पारदर्शक, न वाळणारं, शुद्ध सिलिकॉन ग्रीस. नळाच्या ओ-रिंगला लावायला प्लंबिंगच्या दुकानात मिळतं, घड्याळ दुरुस्तीवाल्यांकडे वॉटरप्रूफ घड्याळाच्या गॅस्केटसाठी असतं. ५ ग्रॅमची डबी एका माणसाच्या पेनांना वर्षानुवर्षं पुरते.

प्रमाण: मोहरीच्या दाण्याहून कमी. दातकोरणीच्या टोकावर घ्या आणि सीलच्या कडेवर गोल फिरवून पातळ फिल्म करा, ढीग नको. दांड्याच्या आट्यांवर तितकंच, थोडं कमी. बॅरल आतून पूर्ण कोरडं असायला हवं. यंत्रणा बसवा, पिस्टन पाच-सहा वेळा पूर्ण मागे-पुढे करा, मग पुढच्या तोंडातून कापसाची काडी घालून जी कड पुढे साचली असेल ती टिपून काढा. ही पायरी गाळली तर जास्तीचं ग्रीस थेट जिभेत जातं आणि मग पेन मधेमधे सुटत लिहितं. तेव्हा दोष निबला दिला जातो.

बसवताना बहुतेकांचं जे चुकतं ते मी आधीच सांगतो. दांडा जोडभागात एक आटा लवकर किंवा उशिरा पकडला गेला तर पिस्टनचा प्रवास बिघडतो. पाना लावून आवळण्याआधी दोन गोष्टी तपासा. नॉब पूर्ण बंद केल्यावर पिस्टन पार मागे आला पाहिजे आणि नॉब व बॅरल यांच्यात फट उरता कामा नये. नॉब पूर्ण उघडल्यावर पिस्टन पुढच्या खांद्याला जवळजवळ टेकला पाहिजे. पुढे तीन-चार मिलिमीटर जागा उरते म्हणजे तेवढी शाई दर भरणीला कमी. नॉब बंदच होत नाही, फट राहते, म्हणजे उलट बाजूला चुकलंय. दोन्हीत दांडा काढा आणि मोजलेल्या मापाशी ताडून पुन्हा धरा.

शेवटी पाना हाताला लागेपर्यंतच. जोडभाग टेकला की थांबायचं. आणखी आवळण्याने गळती थांबत नाही, कारण इथे शाई अडवायचं काम सीलचं आहे, या आट्यांचं नाही. जादा ताण मात्र बॅरलमध्ये कायमचा राहतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

---

निबकर

अर्ध्या पानात कोरडं पडण्याचा धागा राहून गेला, आणि तो पिस्टनच्या साफसफाईने आपोआप सुटेलच असं नाही. निदान करायला पिस्टन फिलर हे सगळ्यात सोयीचं पेन आहे. कसं ते बघा.

शाई भरा आणि पेन कोरडं पडेपर्यंत सलग लिहा. पडलं की निब वर धरू नका, तशीच खाली ठेवून नॉब अगदी थोडा, शाई जिभेच्या खाचांत चढलेली दिसेल इतकाच, पुढे फिरवा. आता लिहा. पेन ताबडतोब नीट चाललं तर निब चांगली आहे, शाई निबपर्यंत पोचत नव्हती: दोष जिभेत किंवा बॅरलमध्ये. जीभ शाईने भरलेली दिसत असूनही कोरडंच लिहितं तर दोष निबच्या चिरेत किंवा टोकात. या एका चाचणीने अर्धी शोधाशोध वाचते.

त्याही आधी कागद तपासा. नव्या पानावर वरून न लिहिता थेट खालच्या अर्ध्यातून सुरुवात करा. पेन तिथेच सुटायला लागलं, आणि हाताखाली एक कोरा कागद ठेवल्यावर नीट चाललं, तर पेनात काहीच बिघाड नाही. तळहाताचा घाम आणि तेल पानाच्या खालच्या भागात लागतं आणि शाई तिथे धरत नाही. उन्हाळ्यात हे फार होतं.

कागद निर्दोष निघाला असं धरू. तुमचं वर्णन, म्हणजे थांबल्यावर टोपण लावून ठेवलं की परत चालतं, हे हवेच्या अडथळ्याचं आहे. बॅरलमधून जेवढी शाई जाते तेवढी हवा जिभेतून आत शिरायला हवी. जिभेच्या वरच्या अंगाला जी बारीक चीर असते तिच्यातून शाई येते आणि हवा त्याच वाटेच्या वरच्या रुंद भागातून आत जाते. खाली जे कंगव्यासारखे पडदे दिसतात ते जास्तीची शाई धरून ठेवतात. चीर गाळाने अरुंद झाली की हवा आत जात नाही, आत पोकळी तयार होते, ती शाईला मागे खेचते. तुम्ही अर्धं पान लिहिता ते या पडद्यांत साठलेल्या शाईवर. ती संपली की कोरडं. पेन पडून राहिलं की हवा हळूहळू शिरते आणि पडदे पुन्हा भरतात.

उपाय: जीभ निबपासून वेगळी करा. उजेडाकडे तिरकी धरून चीर भिंगातून बघा, १० पटीचं भिंग पुरतं. चिरेत टाचणी, सुई, ब्लेड घालू नका. एक ओरखडा पडला की शाई तिथे भलतीकडे वळते. मऊ टूथब्रश आणि साबणाच्या थेंबाचं पाणी, चिरेच्या लांबीच्या दिशेने. पडद्यांमधे त्याच ब्रशचे केस आडवे फिरवा. नव्या पेनातही हे करावं, साच्यातून काढतानाचा तेलकट अंश जिभेवर राहिलेला असू शकतो.

दुसरी शक्यता बॅरलमधली. कोरडं पडलं तेव्हा पारदर्शक बॅरलमध्ये शाई कुठे होती ते आठवा. सगळी मागे पिस्टनला चिकटून आणि पुढे मोठा हवेचा बुडबुडा, असं असेल तर शाईचा पृष्ठताण जास्त आहे. पेन हलकेच टिचकी मारून शाई पुढे येते का बघा. येत असेल तर पुढच्या धुण्यात साबणाचं पाणी एकदा आत फिरवून नुसत्या एका पाण्याने काढा, भिंत ओलावा धरायला लागते. तरीही राहिलं तर त्या पेनात ती शाई नको, जास्त ओली वाहणारी घाला. आयर्न गॉल शाया मुळातच कोरड्या वाहतात. तुमच्या बाबतीत दोन्ही कारणं एकत्र असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

निबकडे संशय गेला तर: चीर टोकाकडे निमुळती होत गेली पाहिजे. टोकं इतकी दाबलेली असतील की मधून उजेडच दिसत नाही, तर ०.०५ मिलिमीटर जाडीची पितळी पट्टी चिरेतून वरून खाली चार-पाच वेळा ओढा. ब्लेडने रुंदावू नका. सुरुवातीचा पहिला फराटा उमटत नाही पण नंतर पेन अखंड चालतं, तर टोकाच्या आतल्या कडा जास्त गोल झालेल्या असतात. ते बारीक सँडिंगचं काम आहे, निब दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

---

कौलारू

मधेच विचारतो. माझं पेलिकन एम २०० आहे आणि घरात एक जुनं एबोनाइटचं (कडक रबराचं) पिस्टन पेन. वरची सगळी पद्धत यांनाही लागू का?

---

जुनी_दौत

नाही, आणि हा प्रश्न आला ते बरं झालं.

पेलिकनने पिस्टन भरणी १९२९ मध्ये बाजारात आणली आणि एम २०० अजून त्याच तत्त्वावर चालतं, पण मागची यंत्रणा आट्यांवर नाही, बॅरलमध्ये दाबून बसवलेली आहे. ती ओढून काढणं शक्य असलं तरी दर वेळी पकड सैल होते आणि एखाद दिवशी नॉब फिरवताना सगळी यंत्रणाच मागे निघून येते. तिला हात लावायचा नाही. गरजही नाही, कारण पेलिकनची सोय पुढे आहे: निब, जीभ आणि त्यांची कॉलर हे एकच युनिट आट्यांवर निघतं. दहा मिनिटं पाण्यात भिजवा, निब आणि जीभ दोन्ही बाजूंनी एकत्र धरा, घड्याळाच्या उलट फिरवा. नुसती निब पिळली तर ती जिभेवरून सरकते आणि कॉलर आतच राहते. युनिट निघालं की सिरिंजने पुढून धुवा आणि ग्रीसही पुढूनच: पिस्टन पार मागे घ्या, लांब कापसाच्या काडीवर ग्रीसचा पुसट हात, बॅरलच्या आतून एक गोल फेरा, मग पिस्टन चालवा. एम ८०० मध्ये यंत्रणा पितळी आणि आट्यांवर आहे, पण खास पान्याशिवाय तिकडे जाऊ नका.

लॅमी २००० (१९६६ पासून तेच डिझाइन) कोणाकडे असेल तर पुढचा धातूचा भाग फिरवून निघतो. तो काढताना खाली पांढरा टॉवेल पसरा. टोपण धरून ठेवणारी दोन कानांची बारीक रिंग तिथे सैल बसलेली असते, ती मोरीत गेली की टोपण अडकत नाही. माँ ब्लाँ १४९ आणि १४६ ची निब हाताने ओढू नका. ती पेनं न उघडता, पिस्टनने पाणी आत-बाहेर करूनच धुवायची, दहा-बारा वेळा, थांबत थांबत. चाळीस-पन्नास वेळा पंप करत बसलं तर पेन स्वच्छ होतं, पण सीलवरचं ग्रीसही त्याबरोबर निघून जातं.

एबोनाइट पाण्यात भिजत ठेवू नका. काळं असेल तर हिरवट-तपकिरी होतं, गरम पाण्यात आणि उन्हात तर लवकर. फक्त निबपर्यंतचा भाग बुडवा, बाहेरचं लगेच पुसा. जीभही एबोनाइटची असेल आणि निब व जीभ यांच्यात उजेड दिसत असेल, तर फक्त निब-जिभेचा पुढचा भाग उकळत्याच्या जवळपास गरम पाण्यात वीस-तीस सेकंद धरा, कापडातून अंगठ्याने जीभ निबला टेकवा आणि तशीच थंड होऊ द्या. बॅरल पाण्याबाहेर. प्लॅस्टिकच्या जिभेला हा उपाय लागू नाही, ती वाकडी होते. भारतीय बनावटीच्या बऱ्याच पेनांत आजही एबोनाइटची जीभ मिळते, त्यामुळे हे शिकून ठेवण्यासारखं आहे.

तुमचं पेन खरोखर जुनं असेल तर सील बुचाचं असण्याची शक्यता आहे. बूच वाळलं की आकसतं आणि नॉब अगदी हलका फिरतो, पण शाई चढत नाही. घट्ट नॉबपेक्षा हा हलका नॉब जास्त काळजीचा. रिकामं पेन पाण्याने अर्धं भरून दोन दिवस ठेवा, बूच फुगून शाई धरायला लागलं तर ठीक. नाही धरलं तर नवं सील बसवावं लागतं.

---

मोरपंखी

निबकरांची चाचणी केली. हाताखाली कागद ठेवला, फरक नाही. नॉब किंचित पुढे केल्यावर लगेच चालू झालं, म्हणजे निब ठीक. जीभ ब्रशने धुतली तेव्हा चिरेतून काळा भुगा निघाला. आता साधी निळी शाई भरून तीन पानं सलग लिहून झाली, कुठे सुटलं नाही. फक्त एक: पेन निम्म्याच्या खाली आलं की निबवर मोठा थेंब जमतो. सील गळतंय का?

---

निबकर

सीलची खात्री करायची तर पाणी भरा, पेन बाहेरून पुसून कोरडं करा, निब वर करून अर्धा तास उभं ठेवा आणि सीलच्या मागे ओल येते का बघा. येत नसेल तर सीलचा दोष नाही.

थेंब येतो तो बहुधा उष्णतेचा. अर्धं रिकामं पेन हातात धरलं की आतली हवा तापून फुगते आणि शाईला पुढे ढकलते. हवा जितकी जास्त तितका ढकला मोठा, जिभेचे पडदे एका मर्यादेपर्यंतच शाई सामावतात. तिसरा हिस्सा उरला की पुन्हा भरा. किंवा निब वर करून नॉब हळू पुढे फिरवा, हवा बाहेर जाऊन शाई जिभेशी आली की थांबा. त्यानंतर खिशात, बॅगेत, विमानात कुठेही नेताना निब वरच.

थेंब थंड खोलीत, पेन टेबलावर पडलेलं असतानाही येत असेल तर निब-जीभ पूर्ण आत बसलेली नाही. तुमच्या पहिल्या फोटोशी ताडा. अर्धा मिलिमीटर जरी बाहेर असेल तरी कडेने हवा शिरते.

---

रसायनकट्टा

पाऊस सुरू आहे, दमट हवेत बुरशी धरते, म्हणून एक भर. शाईच्या बाटलीत तरंगणारे धागे, तवंग किंवा कुबट वास आला तर ती बाटली टाकून द्या, गाळून वापरू नका. पेन थेट बाटलीत न बुडवता ४-५ मिली शाई सिरिंजने छोट्या बाटलीत काढून त्यातून भरा, म्हणजे पेनातलं काही मोठ्या बाटलीत जात नाही. आयर्न गॉल परत भरायची असेल तर तीन-चार आठवड्यांनी एकदा ॲस्कॉर्बिकच्या द्रावणाने एक भरणी धुवा, पिगमेंट असेल तर दोन आठवड्यांनी साबणाच्या पाण्याने. धुतल्यावर आत राहिलेलं पाणी उन्हात किंवा ड्रायरने वाळवू नका. निबभोवती टिश्यू गुंडाळा आणि पेन टोपण न लावता रात्रभर निब खाली करून ग्लासात ठेवा, टिश्यू जिभेतलं पाणी शोषून घेतो. सकाळी टिश्यूवर रंग उतरला असेल तर आत अजून शाई आहे, आणखी एकदा धुवा.